पहिलटकरणी

४ मार्च, सोमवार

आज कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी मला दोन जाड वह्या दिल्या. एक शेडच्या नोंदींसाठी, आणि दुसरी, "राहू द्या मावशी, पहिली भरली तर." पहिली काही भरत नाही, माझं अक्षर बारीक आहे. म्हणून ही माझी. घरात बोलायला माणूस नाही, आणि शेडमध्ये एक शब्द बोललं की दुपारपर्यंत चारी शेडांत पोचतो.

काम असं आहे. डुकरिणींना विण्यासाठी आणतात ते शेड माझं. पुढच्या तीन आठवड्यांत चाळीस जणी विणार. व्यायल्यावर बारा तासांच्या आत प्रत्येकीच्या मानेत एक सुई टोचायची. बाटल्या दोन प्रकारच्या, लाल झाकणाच्या आणि निळ्या झाकणाच्या. एकीत दुखणं कमी करायचं औषध, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. कुठलीत काय ते मला सांगणार नाहीत. कुणाला कुठली द्यायची त्याची यादी भिंतीवर लावली आहे. मग बघत बसायचं, आई कधी उठते, कधी खाते, पाजते की नाही, किती पिल्लं तिच्या अंगाखाली चिरडतात. पिल्लं जन्मल्यावर तोलायची आणि दुसऱ्या दिवशी परत तोलायची, म्हणजे कुणाच्या पोटात किती चीक गेला ते कळतं.

मी म्हटलं, "बाई, सव्वीस वर्षं यांची बाळंतपणं करतेय मी. जनावर व्यालं की झटकून उठतं. दुखण्याचे चोचले माणसांचे."

त्या हसल्या. "बघू या ना, मावशी."

बघा. तुमचं वय ते किती.

सून काल दवाखान्यातून घरी आली. शुक्रवारी मुलगी झाली, तीस तास कळा देऊन. टाके पडलेत. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी तिला मनात मास्तरीण म्हणते, लहान मुलांच्या शाळेत शिकवायची ती. मुलगा पशुखाद्याची गाडी चालवतो, आठवड्यातले चार-पाच दिवस बाहेरच. म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात.

दवाखान्याने गोळ्यांच्या दोन पट्ट्या दिल्यात, एक दुखण्यावर, एक टाके पिकू नयेत म्हणून. त्या मी माझ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या. पाजणाऱ्या बाईने गोळ्या गिळायच्या आणि ते सगळं पोराच्या पोटात उतरायचं. पोटभर जेवली की जखम आपोआप भरते.

६ मार्च, बुधवार

सहा जणी व्यायल्या. तीन लाल, तीन निळ्या. फरक काही नाही.

मास्तरणीने सकाळी नुसती चहात पाव बुडवून खाल्ला. ताट तसंच. बसताना एका बाजूवर बसते, उठताना पलंगाची कड धरते. मी म्हटलं, "एवढं काही नसतं. मी पंधराव्या दिवशी कामावर होते." तिने मान हलवली. पटलं म्हणून हलवली की मी गप्प बसावं म्हणून, देव जाणे.

७ मार्च, गुरुवार

फरक आहे.

आज मुद्दाम स्टूल टाकून बसले. नऊ नंबर आणि बारा नंबर शेजारी शेजारी, दोघींचं तिसरं वेत, दोघींना तेरा-तेरा पिल्लं. नऊला लाल, बाराला निळी. नऊ नंबर दोन तासांत उठली, पाणी प्यायली, खाल्लं, मग गुडघे टेकून हळूच, अंदाज घेत आडवी झाली. बारा उठतच नव्हती. उठली तेव्हा मागचे पाय थरथरले, आणि खाली बसली ती बसली नाही, धपकन पडली. दोन पिल्लं खाली. एक मी ओढून काढलं. दुसऱ्याचं काही उरलं नव्हतं.

सव्वीस वर्षं मी वहीत लिहिलंय, "चिरडून मृत, आई निष्काळजी." निष्काळजी! बाई गुडघ्यावर येऊ शकत नव्हती, काळजी कुठून घेणार होती?

लाल बाटलीत औषध आहे. मला कुणी सांगायची गरज नाही.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, "औषध दुधातून पिल्लांना जातं का?" म्हणाल्या, "अगदी थोडं जातं. त्याने बिघडत काही नाही. आईचं दुखणं कमी झालं की ती शांत पडून पाजते, पिल्लांना चीक जास्त मिळतो. खरा फायदा तो."

लिहून ठेवलं.

९ मार्च, शनिवार

सतरा नंबर सकाळी व्यायली. पहिलटकरीण, अकरा पिल्लं. पिल्लू सडाला लागलं की ही उसळून उठते. दोघांना चावली. एकाचा कान गेला, दुसरं मेलं. शेड धुणारा तात्या म्हणाला, "कैदाशीण आहे ही. पिल्लं काढा आणि दुसरीखाली घाला."

कैदाशीण वगैरे काही नाही. पाठीवर हात ठेवला तर कातडी थरथरत होती. मागून सुजून टरटरलेली. डोळा अर्धा मिटलेला. पिल्लं धडपडत जवळ यायची आणि ती त्यांच्याकडे अशी बघायची, जणू तिच्या अंगाला झोंबतंय ते हेच.

यादीत तिच्या नावापुढे निळी.

तात्या चहाला गेला तेव्हा मी लाल भरली आणि टोचली. नियम मोडला, मान्य आहे. पण हाल बघवेनात. दीड तासाने ती आडवी झाली, कुशीवर, पाय पसरून. पिल्लं रांगेने लागली. मग तो घुरघुर आवाज सुरू झाला, पाजताना या काढतात तो, आधी सावकाश, मग भराभर. मी स्टुलावर बसून ऐकत राहिले. तात्या परत आला, बघतच राहिला. "काय केलंत?" म्हटलं, "हात फिरवला."

घरी आले तर मास्तरीण दारातच उभी, दाराची चौकट धरून. म्हणाली, "आई, दवाखान्यातल्या गोळ्या कुठे ठेवल्यात? फार ठणकतंय. ती ओढायला लागली की मला…" वाक्य पुरं केलं नाही.

मी म्हटलं, "गोळीचं दूध पाजायचं का तिला?"

"डॉक्टर म्हणाले होते चालतात."

"डॉक्टरांना काय, त्यांना पाजायचंय का? आमच्या वेळी कोण देत होतं गोळ्या? सहन केलं की जातं."

परत जाऊन पडली. पोरगी रडत होती. मी बाटलीने दूध पाजलं, ती अर्धं ओकली.

जनावराचं वेगळं असतं. त्याला बिचाऱ्याला सांगता येत नाही.

११ मार्च, सोमवार

पोरगी वाळल्यासारखी दिसते. शेडमधला जादा तोलकाटा स्वच्छ धुऊन घरी आणला. जन्मली तेव्हा दोन किलो नऊशे. आज दोन किलो सहाशे वीस. तीनदा तोलली. काटा बिघडलाय. मास्तरीण पलंगावरून बघत होती. म्हणाली, "किती भरली?" मी म्हटलं, "काटा बिघडलाय."

१२ मार्च, मंगळवार

काटा शेडमध्ये लावून पाहिला. बरोबर आहे.

सतराची दहाही पिल्लं तगली. रोज ऐंशी ऐंशी ग्रॅम अंगाला लावतायत. आज सकाळी तिचा ताप घेतला, एकोणचाळीस अंश आणि वर दोन दशांश, डुकरिणीला एवढा असायचाच. उत्तम. माझ्याकडे तिच्या चारही दिवसांचे आकडे आहेत, सकाळ-संध्याकाळचे.

मुलाला फोन केला. म्हटलं, तुझी बायको पोरीला जवळ घेत नाही. तो म्हणाला, "आई, थकली असेल ती. तू आहेस ना." मी आहे ना! सगळ्यांना हेच माहीत आहे.

१३ मार्च, बुधवार

लिहावं की नाही ठरत नव्हतं. माझी पहिली मुलगी अकराव्या दिवशी गेली. आमची ही आज बारा-तेरा दिवसांची झाली, म्हणून आठवण आली, दुसरं काही नाही. मला तेव्हा ताप होता, दूध आटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, बाईच्या जातीला दुखायचंच, उगाच पोरीकडे पाठ करून झोपू नकोस. पाठ मी करत होते, ते खरं. कुशीवर वळलं की चाकू फिरल्यासारखं व्हायचं. पंधराव्या दिवशी कामावर गेले. कुणाला काही बोलले नाही. सहन केलं म्हणून आज उभी आहे.

सुनेच्या खोलीत कसलासा वास येतोय. चादर बदलली तरी येतो.

१४ मार्च, गुरुवार

मुलगा दुपारी आला. दहा मिनिटांत बायकोला उचलून गाडीत घातलं. मी पोरीला घेऊन मागे तिच्या शेजारी बसले. मास्तरणीचे दात वाजत होते. अंग असं भाजत होतं की तिच्या बाजूचा माझा दंड गरम झाला.

दवाखान्यात नर्सने वही उघडली. "ताप कधीपासून?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. तो तर बाहेरगावी होता.

मला सांगता येईना. काल होता? परवा? मी हातच लावला नव्हता. नर्सने पेन धरून ठेवलं होतं. शेवटी तिने काहीतरी लिहिलं, काय ते मला दिसलं नाही.

मग डॉक्टर आले. टाक्यांत पू झाला होता, आत खोलवर. त्यांनी सुनेला विचारलं, "दिलेल्या गोळ्या घेतल्या होत्या?"

ती डोळे मिटून म्हणाली, "हो. सगळ्या."

"सगळ्या घेऊनही हे? मग जरा जबर औषध द्यावं लागेल. दोन-तीन दिवस बाळाला अंगावर पाजू नका."

मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. नाही उघडलं. दोन्ही पट्ट्या माझ्या कपाटात अख्ख्या आहेत. ती माझ्यासाठी खोटं बोलली. सून गुणाची आहे, हे आज कळलं.

१६ मार्च, शनिवार

जखम उघडून साफ केली. ताप उतरतोय. पोरीला दवाखान्यातल्या बायका बाटलीने पाजतात, तिचं वजन तीस ग्रॅम वाढलं.

दुपारी मुलगा फळं आणायला गेला तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी पांघरूण नीट केलं आणि म्हटलं, "त्या दिवशी माझी लाज राखलीस. विसरणार नाही मी."

ती छताकडे बघत म्हणाली, "लाज राखायला नाही बोलले, आई. मला वाटलं, परत तुमच्याच घरी यायचंय. खरं बोलले तर पुढे काय?"

माझ्याकडे बघून बोलली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च, सोमवार

आज निळ्या यादीतल्या तिघींना लाल दिली. पहिलटकरीण एकच होती. बाकी दोघी जुन्या, ठणठणीत, न देता चाललं असतं. दिली. एक लाल बाटली हातून फुटली असं सांगून तात्याकडून दुसरी मागवली.

काल मुलाने पोरीचे कपडे शोधायला माझं कपाट उघडलं होतं. गोळ्यांच्या दोन्ही पट्ट्या आणून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. एकही गोळी फोडलेली नाही. पट्ट्या मध्ये ठेवून आम्ही दोघं जेवलो. ताट धुताना त्याच्या हातून पेला पडला, फुटला, आणि तो तुकडे गोळा करत खाली बसून राहिला, खूप वेळ. लहानपणी मार खाल्ल्यावर असा बसायचा.

२१ मार्च, गुरुवार

आज सुनेला घरी सोडलं. म्हणजे दवाखान्यातून सोडलं. घरी नाही आली. मुलाने तिला परस्पर तिच्या थोरल्या बहिणीकडे नेलं. संध्याकाळी आला आणि स्वतःची पिशवी भरायला लागला.

मी म्हटलं, "किती दिवस?"

"बघतो."

"मी काय तुमचं वाईट चिंतलं होतं का रे?"

तो थांबला. म्हणाला, "आई, तुझ्या शेडमधल्या डुकरिणींना दुखतं हे तू मला फोनवर अर्धा तास सांगितलंस. त्याच फोनवर माझ्या बायकोला नखरेल म्हणालीस."

मी नखरेल म्हणाले नव्हते. पोरीला जवळ घेत नाही, एवढंच म्हणाले होते. पण तो जिना उतरून गेला होता.

आज आणखी तिघींना लाल दिली. सतरा धरून सात झाल्या.

१ एप्रिल, सोमवार

लाल-निळ्या बाटल्यांच्या अभ्यासाचा निकाल. फार्मच्या साहेबांच्या खोलीत डॉक्टरीणबाई, साहेब आणि मी. बाईंनी कागद मांडले. पिल्लांच्या मरण्यात लाल आणि निळीत फरक जेमतेम. वजनात थोडा, तोही सांगण्यासारखा नाही. त्यांचा चेहरा पडला होता. "मला वाटलं होतं फरक जास्त दिसेल," म्हणाल्या. "निळ्या गटातल्या काही जणी फारच चांगल्या निघाल्या. विशेषतः सतरा."

साहेब म्हणाले, "म्हणजे पाण्यानेही तेवढंच होतं. मग औषध कशाला? विषय संपला."

निळ्या वीसपैकी सात जणींना मीच औषध दिलं होतं. ज्यांच्या सुखासाठी दिलं त्यांच्याच मुळावर आलं ते. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. नंबरांसकट, तारखांसकट.

साहेबांनी आधी पेन खाली ठेवलं. मग मोठ्याने हसले. "म्हणजे तीन आठवडे पाण्यात! बाई, तुम्ही एवढ्या जुन्या. सव्वीस वर्षं सुई नव्हती तेव्हा विणं अडलं होतं का यांचं?"

"अडलं नव्हतं," मी म्हटलं, "पण दुखत होतं, साहेब. मी बघितलंय. आकडे माझ्यामुळे बिघडले, पण दुखणं खरं आहे. परत करा अभ्यास. माझ्याऐवजी दुसरं माणूस ठेवा."

"दुखणं आकड्यात दाखवा, मग बोलू." त्यांनी कागद एकावर एक लावून बाईंकडे सरकवले.

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई चिडतील असं वाटलं होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "दोन वर्षं मागे लागले होते मी यासाठी, मावशी. निदान मला सांगायचं होतं. कुणाला फार त्रास झाला तर तिला अभ्यासातून काढून औषध द्यायची सोय होती. नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं."

मी पहिलं पान वाचलं नव्हतं. मला वाटलं, मला काय कुणी शिकवायचं.

५ एप्रिल, शुक्रवार

उरलेल्या बाटल्या परत गेल्या. डॉक्टरीणबाईंची दुसऱ्या फार्मवर बदली झाली. आज एकवीस नंबरने दोन पिल्लं अंगाखाली घेतली. वहीत कारणाचा रकाना आहे. नेहमीचे शब्द लिहायला हात गेला नाही. "आईला वेदना" असं लिहिलं. दुपारी साहेबांनी ते खोडून वर "निष्काळजी" लिहिलं, आणि शेजारी माझी सही मागितली.

केली.

१४ एप्रिल, रविवार

आज सुनेच्या बहिणीकडे गेले. कुणी बोलावलं नव्हतं. महिना होत आला, पोरीला पाहिलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर घर. बहिणीने दार उघडलं, क्षणभर थांबली, मग "या ना" म्हणाली. मुलगा खाली पाण्याचा कॅन आणायला गेला होता.

खोली लहान, खिडकीपाशी दोरीवर पोरीचे कपडे. सून खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर, आणि पोरीला अंगावर पाजत होती. मला वाटलं होतं दूध गेलं असेल, पण आलंय. बहिणीच्या कसल्याशा बोलण्यावर ती हसत होती, मान मागे टाकून. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पोरीच्या गळ्यातून घुटक्‌ घुटक्‌ आवाज येत होता. गाल भरलेत. न तोलता सांगते, चार किलो असेल.

मग तिने मला पाहिलं.

म्हणाली, "आई, बसा." आवाज नेहमीचा. पण खांदे वर चढले, मान ताठ झाली, पायाची बोटं स्टुलावर आवळली गेली. मी समोरच्या खुर्चीत बसले. बरी आहेस का, विचारलं. बरी आहे, म्हणाली. पोरीने दोनदा ओढून पाहिलं, तोंड सोडलं आणि रडायला लागली. तिने परत लावलं. परत सोडलं. चेहरा लाल झाला पोरीचा.

बहीण म्हणाली, "अगं, आत्ता तर छान पीत होती. काय झालं हिला?"

काय झालं ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. पाजत्या आईला धाक वाटला की दूध असूनही उतरत नाही. शेडमध्ये असं झालं की मी पिल्लांकडे बघत नाही, आईकडेही नाही. आत कोण आलंय ते बघते, आणि त्याला बाहेर काढते.

मी पोरीच्या डोक्याला हात लावायला वाकले होते. हात मागे घेतला आणि उठले.

"निघालात?" बहीण म्हणाली. "चहा टाकलाय."

"नको. राहू दे."

मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं, एक मजला उतरले आणि जिन्यात कठड्याला धरून थांबले. वर रडणं चालू होतं. मी मोजत होते, सवयीने. सत्तरपर्यंत पोचले असेन.

मग थांबलं.